गुणाबाईच्या बकऱ्या

४ मे, रविवार. सकाळी ५.४०

ही वही म्हणजे ऑफिसचं जुनं आवक रजिस्टर. दोन वर्षांपूर्वी आवक कॉम्प्युटरवर गेली आणि एकशे चाळीस पानं कोरी राहिली. रद्दीत चालली होती, मी वाचवली. कोणाला दाखवायची नाही. विशेषतः चंदाला.

विषय : सेंद्रिय शेती.

३१ ऑगस्टला मी रिटायर. अहेरीतली अकरा वर्षं आणि एकूण नोकरीची चौतीस वर्षं संपतात. वरोऱ्याजवळ दोन एकर वावर पाहून ठेवलं आहे. विहीर आहे, आंब्याची तीन झाडं आहेत. पीएफ हातात आला की ते घ्यायचं, विषमुक्त भाजीपाला पिकवायचा आणि साठीत चाळिशीचं दिसायचं. माझे वडील वरोरा स्टेशनवर बुकिंग क्लार्क होते, पण आजोबांचं वावर होतं असं ऐकून आहे. म्हणजे रक्तात आहे.

काल जेवताना चंदाला सांगितलं. ती म्हणाली, वावर घ्यान तुमी आन खपीन मी. तिला वरोऱ्यात तिच्या बहिणीच्या बिल्डिंगमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट पाहिजे, लिफ्टवाला. म्हणाली, माझी माय जन्मभर वावरात वाकली ते मरेपर्यंत सरळ झाली नाई. वरून म्हणाली, तुमी आजपावेतो कुंडीतली तुळस तरी जगवली काय.

तुळशीचा विषय वेगळा आहे.

शेवटी तिने अट घातली. पोळ्यापर्यंत क्वार्टरमागच्या परसातून एक टाईमचं जेवण, दोघांचं, पोटभर. तांदूळ, तेल, तिखट-मीठ माफ. बाकी सगळं परसातलं. झालं तर वावर, ती मुकाट्याने सही करणार. नाही झालं तर फ्लॅट, आणि मी जन्मात वावराचं नाव काढायचं नाही.

एक टाईमचं. मला हसू आलं. पोळ्यापर्यंत मी अख्ख्या क्वार्टर लाईनला जेवू घालीन.

संकल्प : रोज पहाटे पाचला उठणे.

५ मे, सोमवार. सकाळी ९.१०

उठलो नाही. मातीला एकदम कामाला लावू नये, आधी तिचा विश्वास बसू द्यावा, असं व्हिडिओत सांगितलं आहे. आज विश्वास बसू दिला.

११ मे, रविवार. दुपारी १२

परस खोदायला सुरुवात. परस वीस बाय तीस फूट. एका कोपऱ्यात बांबूचं बेट, दुसऱ्या कोपऱ्यात वारूळ. मागे बांबूचं कुंपण आणि कुंपणाला लागून गुणाबाईचं घर. ही जंगलातल्या गावची बाई. नवरा लाकूड डेपोवर होता, तो गेल्यावर इथेच राहिली. रानातलं आणून बाजारात बसते. चंदाचं आणि तिचं चांगलं जमतं. काय बोलतात देव जाणे, मी गेलो की गप्प होतात.

चार फूट लांबीचा पट्टा खोदल्यावर जमिनीत गाठी लागल्या. बटाट्यासारख्या, वेड्यावाकड्या, मोजून सतरा. गाठ म्हणजे रोग. वेळीच लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर सगळं पीक गेलं असतं. सगळ्या उचलून कुंपणापलीकडे फेकल्या. गुणाबाई तिकडेच उभी होती. तिने गाठींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, बाबू, हे तुमाले नोको काय. मी म्हटलं नको, रोगट आहे. ती म्हणाली, आणखीन निघालं तं इकडेच टाकजा.

नक्की बकऱ्या पाळत असणार. बकरी काहीही खाते. गरीब बाई आहे, आपल्या कचऱ्यावर तिच्या चार बकऱ्या जगत असतील तर आपलं काय जातं. यापुढे सगळं तण तिकडेच टाकायचं.

१२ मे, सोमवार

कंबर. रजा टाकली.

१८ मे, रविवार

प्रमाणपत्र लॅमिनेट करून आलं. फेब्रुवारीत साहेबांना वेळ नव्हता म्हणून त्यांच्या जागी मी चंद्रपूरला सेंद्रिय शेतीच्या एकदिवसीय कार्यशाळेला गेलो होतो. सकाळचं सत्र बसमुळे हुकलं, पण जेवण आणि समारोप पूर्ण केला. प्रमाणपत्र स्वयंपाकघरात मिक्सरच्या वर लावलं. संध्याकाळपर्यंत चंदाने त्याच खिळ्याला चाळणी अडकवली.

आज जीवामृत केलं. दोनशे लिटरचा ड्रम, त्यात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. चंदाने विचारलं, डब्यातलं बेसन कुठी गेलं. मी म्हटलं जमिनीच्या पोटात जाणार आहे. ती म्हणाली, मंग भजे जमिनीलेच मागजा.

२४ मे, शनिवार. संध्याकाळी

लच्छू आला होता. लच्छू म्हणजे आमच्या ऑफिसचा शिपाई, आणि मी तिथला हेडक्लार्क, म्हणजे बडेबाबू. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, अकलेने स्वतःला मोठा समजतो. अर्धा तास उन्हाबद्दल बोलला. मग पिशवीतून रिकामी बाटली काढून मांडीवर ठेवली आणि हळूच विचारलं, बडेबाबू, पहिली धार कोणाच्या नावानं आहे.

लाईनीत बातमी पसरली आहे म्हणे. गुळाचा आंबूस वास, झाकलेला ड्रम, बडेबाबू सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळतात. जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळे लोकांची नाकं तयार. मी लच्छूला समजावलं की त्यात शेण आणि गोमूत्र आहे. तो म्हणाला, बरोबर आहे, सगळ्याईले असंच सांगजा. आणि डोळा मारला. जाताना बाटली इथेच ठेवून गेला.

२६ मे, सोमवार

ठाण्यातला जमादार आला. कोणीतरी कळवलं. मी प्रमाणपत्र दाखवायला आत गेलो तर चाळणी निघेना. तोवर त्याने झाकण उघडून, अनुभवी माणसासारखं नाक पार आत घालून, लांब श्वास घेतला.

नंतर तो बराच वेळ ओट्यावर बसून होता. चंदाने लिंबूपाणी दिलं. गुन्हा दाखल झाला नाही. पण चंदा म्हणाली, आजच्या आज ते ड्रम खाली करा, नाईतर मी फ्लॅटमध्ये आजच जातो. दोनशे लिटर जीवामृत कुंपणाच्या कडेला ओतून टाकावं लागलं. उतार गुणाबाईकडे आहे, बरंचसं तिकडेच गेलं.

क्रांतिकारी कामात असा त्रास व्हायचाच.

१५ जून, रविवार. सकाळी ८

पेरणी. बियाणं ऑनलाईन मागवलं आहे. ब्रोकोली, झुकिनी, लाल कोबी, चेरी टोमॅटो. लच्छूने वांग्याची सहा रोपं आणून दिली, बहुतेक बाटलीचा मुद्दा मिटवायला. ती उपचार म्हणून कडेला लावली. प्रत्येक वाफ्याला नंबर दिला आणि पुठ्ठ्याच्या पाट्या लावल्या.

चंदा दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, साधी अंबाडी लावा न, दोन काटवलाचे वेल चढवा. मी हसलो. अंबाडी काय, कोणीही लावतो. तिला विचारलं, ब्रोकोलीमध्ये किती पोषण असतं माहीत आहे का. ती म्हणाली, पोळ्याले समजनच.

२२ जून, रविवार

प्रचंड उगवलं आहे. आठवड्यात परस हिरवंगार. चंदाला हाताला धरून दाखवायला आणलं. तिने सगळीकडे नजर फिरवली, आणि आत गेली. हार पचवायला वेळ लागतो.

अडचण एकच. पुठ्ठ्याच्या पाट्या पावसात विरघळल्या, आणि रोपं स्वतःचं नाव सांगत नाहीत. पाकिटावरच्या फोटोत अख्खा गड्डा आहे, इथे दोन-दोन पानं आहेत. शेवटी मी नियम काढला : जे जोमाने वाढतं ते तण. किमती रोप नाजूक असतं. चंदालाही तो नियम मोठ्याने समजावून सांगितला. ती म्हणाली, ध्यानात ठेवतो.

त्याप्रमाणे तीन घमेली तण उपटलं. गोल-गोल पानांचं एक भारीच माजलं होतं, ते मुळासकट काढलं. सगळं कुंपणापलीकडे. गुणाबाईने पदर पसरून घेतलं. बकऱ्यांची चैन आहे.

दुपारी जेवायला तरोट्याची, म्हणजे टाकळ्याची भाजी होती, लसणाची फोडणी दिलेली. चंदा म्हणाली गुणाबाईनं देल्ली. काय चव. मी म्हटलं, बघ, याला म्हणतात सेंद्रिय. यात माणसाचे कष्ट दिसतात. चंदाला एकदम ठसका लागला. पाणी दिलं.

२९ जून, रविवार. सकाळी ७. अत्यंत गोपनीय

वारुळाजवळ गांजा उगवला आहे.

लाल देठ, पंजासारखी कातरलेली पानं. फोनवर फोटो शोधून ताडून पाहिला, तोच. आठ झाडं, गुडघ्याएवढी. मी लावला नाही. पण सांगणार कोणाला. महिन्यापूर्वीच जमादार ड्रमात नाक घालून गेला आहे. आता दारूवाला बडेबाबू गांजाही लावतो म्हटल्यावर पेन्शन गेली. मले काही सुचेना.

सगळी झाडं उपटली, पेपरात गुंडाळली, वर सुतळी बांधली आणि गुणाबाईकडे टाकली. तिला हळू आवाजात सांगितलं की आजच्या आज संपवून टाक, कोणाला दाखवू नको. तिने पुडकं उघडून पाहिलं आणि म्हणाली, संपते बाबू, याले काय वेळ लागते.

बकऱ्यांना नशा चढली तर चढो.

त्याच दिवशी, दुपारी २

बकऱ्यांचा काही आवाज नाही. झोपल्या असतील. जेवायला अंबाडीची भाजी होती, मस्त आंबट. भीतीने भूक मेली होती, पण दोनदा वाढून घेतली.

१३ जुलै, रविवार

ब्रोकोली : गेली. चार इंच वाढली, आठ दिवस पाण्यात उभी राहिली, नंतर नुसतीच बसली. झुकिनी : सडली. लाल कोबी : एक रोप होतं, त्याला एक अळी होती, आता एक अळी आहे. चेरी टोमॅटो उगवलेच नाहीत, किंवा उगवले आणि मी तण म्हणून काढले. दुसरी शक्यता कागदावर आणायला नको होती.

एकूण उत्पादन निरंक. पण जमिनीचा पहिला हंगाम शिकण्याचा असतो. चूक माझी नाही, बांबूची आहे. बेटातून मनगटाएवढे कोंब वर येऊन राह्यले, सगळं अन्न तेच चोरतात. अकरा कोंब मोडून गुणाबाईकडे फेकले. बकरी कोंब खाते की नाही माहीत नाही, पण गुणाबाई फार खूश झाली.

१६ जुलै, बुधवार

वास्त्याची भाजी. बाजारातून आणली का विचारलं. चंदा म्हणाली, नाई, घरचीच समजा. मी समजलो नाही, पण भाजी चांगली होती.

२७ जुलै, रविवार

आता लपवण्यात अर्थ नाही. कुंपणाच्या या बाजूला माझं परस उजाड आहे, आणि त्या बाजूला गुणाबाईचं कुंपण वेलांनी झाकून गेलं आहे. कुंपण एकच आहे. माती एकच आहे. पाऊस एकच आहे. मग तिच्याकडे काऊन, अन माझ्याकडे काऊन नाही.

मला रासायनिक खताचा संशय आहे. न्हाणीघराच्या झरोक्यातून वीस मिनिटं पाळत ठेवली. ती काहीच करत नाही. वेलाजवळ गेली, एक पान सरळ केलं, परत ओट्यावर जाऊन बसली. काहीच न करणं हेच संशयास्पद आहे. शेवटी चंदाला पाठवलं, म्हटलं तिचं तंत्र काय ते विचारून ये. चंदा विचारून आली. गुणाबाई म्हणे, बाबू देते तेच लावतो.

सकाळपासून या वाक्यावर विचार करतो आहे. मी काय देतो. उत्साह देतो, दृष्टी देतो. ती रोज कुंपणाआडून मला काम करताना पाहते आणि शिकते. म्हणजे माझ्या पद्धतीत दोष नाही, ती शेजारी सिद्ध झाली आहे.

आठवड्यात दोनदा काटवल झालं. काटवल, म्हणजे पुण्याकडची करटोली, हा माझा जीव. तिसऱ्यांदा करायला सांगितलं आहे.

३ ऑगस्ट, रविवार

वांगं लागलं.

लच्छूच्या सहा रोपांपैकी पाच गेली होती. सहाव्याला पानाखाली एक, सुपारीएवढं, जांभळं. चंदाला बोलावलं. ती वाकली आणि खरंच बघत राहिली. म्हणाली, चांगलं आहे. चौतीस वर्षांच्या संसारात ती माझ्या कामाला चांगलं म्हणाल्याचं आठवत नाही. मी वांग्यावरचा पावसाचा थेंब रुमालाने पुसला.

संकल्प : वांगं रोज मोजणे. ऑफिसची फूटपट्टी घरी आणली.

७ ऑगस्ट, गुरुवार. साडेपाच सेंटिमीटर.

८ ऑगस्ट, शुक्रवार. साडेपाच सेंटिमीटर. पट्टी जुनी आहे.

१० ऑगस्ट, रविवार. पहाटे ५

आज पाचला उठलो. झोपच लागली नाही.

वांग्याजवळ बसलो होतो. बारा दिवस राहिले. एका वांग्यात दोघांचं जेवण होत नाही, हे मलाही कळतं. वावर जाणार. विहीर, तीन आंबे, सगळं जाणार. मग मी लिफ्टने खाली येणार, पेपर घेणार, लिफ्टने वर जाणार.

चौतीस वर्षं मी लोकांच्या कागदांवर नंबर टाकले. आलेला कागद माझा नाही, गेलेला कागद माझा नाही. माझ्या हाताने या जगात एकही गोष्ट नवी आली नाही. ते एक वांगं सोडून. मला वावर कशाला पाहिजे ते चंदाला नीट सांगताच आलं नाही. भाजीचं निमित्त आहे. मला काहीतरी माझ्या हातून उगवलेलं पाहायचं आहे.

वाचून पाहिलं. फार रडकं झालं आहे. पान फाडायचं होतं, पण रजिस्टरची पानं नंबर घातलेली असतात.

१७ ऑगस्ट, रविवार

काल संध्याकाळी बाजारातून भेदरं, म्हणजे टोमॅटो, आणि वांगी आणली, चंदाच्या नकळत. आज सकाळी फाईलच्या आठ टॅगनी ती वांग्याच्या एकुलत्या रोपाला बांधली. याला फसवणूक म्हणता येणार नाही. ऑफिसात मार्चअखेर आपण असंच करतो, खर्च आधी दाखवतो, काम नंतर होतं. फळं आधी दाखवली, रोप नंतर धरेल.

चंदा चहा घेऊन बाहेर आली. तिने पाहिलं. कप खाली ठेवला, एकेक टॅग सोडला, भेदरं-वांगी पदरात घेतली. म्हणाली, वांग्याच्या झाडाले भेदरं लागून राह्यले, गडचिरोलीच्या पेपरात द्या. मग आठही टॅग सरळ करून माझ्या हातात दिले आणि म्हणाली, हे ऑफिसात जमा करजा.

रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. वाकून टॅग सोडताना तिने कंबरेवर हात ठेवला होता, तसाच ठेवून आत गेली.

२० ऑगस्ट, बुधवार

वारुळावर बुरशी आली. साधी नाही, इतकी वाढली की तिच्या छत्र्या उघडल्या. पांढऱ्या, वीतभर उंच, शंभर तरी असतील. आता हेच बाकी होतं. हाताला प्लास्टिकची पिशवी बांधली, सगळ्या काढल्या, कुंपणापलीकडे दिल्या. गुणाबाईने दोन्ही हातांनी टोपली पुढे केली. नंतर साबणाने तीनदा हात धुतले.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी साडेसहाला लंगूर आले. पाच होते. एक वांग्यापाशी गेला. मी फूटपट्टी घेऊन धावलो. तोवर त्याने वांगं तोडलं, एक चावा घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि टाकून दिलं.

बांबूची पानं खाणाऱ्या जनावराने.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा. दुपारी ३.३०

सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी वांगं धुतलं, चावलेला भाग कापला, उरलेलं वाटीत घालून चंदासमोर ठेवलं. म्हटलं, माझं एवढंच. बहिणीला फोन कर, फ्लॅट पाहायला येतो म्हणून सांग. ती वाटी घेऊन आत गेली.

एक वाजता ताटं लागली. काटवलाची कोरडी भाजी, तरोट्याच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी, वास्ते, सात्यांचा रस्सा, अंबाडीची चटणी, भात. आणि कडेला माझ्या वांग्याच्या दोन फोडी, तळलेल्या. वांगं कडू होतं. मी दोन्ही फोडी खाल्ल्या. बाकीचं जेवण असं होतं की हरल्याचं दुःख अर्धा तास विसरलो. शेवटी म्हटलं, गुणाबाईचे उपकार आहेत, सणाला तिने आपल्याला जेवू घातलं.

चंदा म्हणाली, याच्यात गुणाबाईचं काई नाई.

मग तिने ताटावर बोट फिरवत एकेक सांगितलं. काटवल म्हणजे तुमी मे महिन्यात फेकल्या त्या रोगट गाठी, ते काटवलाचे कंद होते, गुणाबाईनं कुंपणाखाली दाबले. तरोटा म्हणजे तुमचं गोल पानांचं तण, जे राह्यलं त्याचे आजचे शेंडे. वास्ते म्हणजे बांबूचे कोंब. सात्या म्हणजे परवाची बुरशी. अंबाडी तुमी पेपरात बांधून देल्ली, वर सुतळी होती, त्यातली दोन झाडं गुणाबाईनं परत जमिनीत खोवली. तुमी उपटलं, आमी खाल्लं. दोन महिने आपल्याच परसातलं खाऊन राह्यलो.

मी उष्ट्या हाताने उठून कुंपणापाशी गेलो. गुणाबाई पलीकडे काटवल तोडत होती. मला दुसरं काही सुचलं नाही. मी विचारलं, मग बकऱ्या काय खातात. ती म्हणाली, कोणाच्या बकऱ्या. तिच्याकडे बकरी नाही. कधीच नव्हती. तिने माझ्यामागे उभ्या असलेल्या चंदाकडे पाहिलं, आणि मग त्या दोघी कुंपणाचे बांबू धरून खाली बसेपर्यंत हसल्या. मी मध्ये उभा.

पन्नास वर्षं तरोटा खाल्ला, पण ताटात. जमिनीत उभा असलेला कधी ओळखला नाही. चंदाला म्हटलं, मग सांगितलं काऊन नाही. ती म्हणाली, तुमी इचारलं कवा. आन मले फ्लॅट पाह्यजे होता न.

हे म्हणताना तिचं हसू थांबलं. मग तीच म्हणाली, अट परसाची होती. परसानं जेवू घातलं. मी बोलली ते बोलली.

मी म्हटलं, म्हणजे वावर.

ती म्हणाली, वावर. पण माझ्या एकटीच्या नावानं. माय जन्मभर खपली, सातबाऱ्यावर तिचं नाव कुठीच नव्हतं. मले खपाचंच आहे तं मी माझ्या वावरात खपीन. गुणाबाई कंद देणार आहे, आमचं बोलणं झालं. आन तुमी त्याच्यात काई लावाचं नाई. काईच.

सही तिने करायची ठरली होती. आता मी करायची आहे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

निरोप समारंभ. शाल, नारळ आणि बॅटरीवर चालणारा फवारणी पंप. भाषणात लच्छू म्हणाला की बडेबाबूंनी निवृत्तीआधीच शेतीत नाव केलं, जमादारापर्यंत पोचलं. सगळे हसले. मीही हसलो, कारण स्टेजवर होतो.

पंप चंदाने माळ्यावर टाकला.

७ सप्टेंबर, रविवार. सकाळी ८

क्वार्टर अजून काही दिवस आहे. कागदपत्रं होईपर्यंत चंदा इथल्याच परसात हात बसवते आहे आणि मला नवीन जबाबदारी मिळाली आहे. जून महिन्यातला माझा नियम तिने ध्यानात ठेवला होता. रोज सकाळी मी परसात एक चक्कर मारायची आणि जे उपटून टाकावंसं वाटेल त्याच्याकडे बोट दाखवायचं. ते ती ठेवते. म्हणाली, तुमची नजर आजपावेतो एकदाही चुकली नाई. याला मी तांत्रिक सल्लागार म्हणतो. वरोऱ्याच्या वावरातही हेच पद राहणार.

आज चार ठिकाणी बोट दाखवलं. एक घोळ निघाली, एक कुंजर, एक भुईआवळा, तिन्ही कामाच्या. चौथ्याचं नाव तिलाही माहीत नव्हतं, गुणाबाईला विचारून ठेवलं. संध्याकाळी घोळीची भाजी आहे.

पाचवं एक रोप वारुळाच्या कडेला होतं. नाजूक, दोनच पानं, कडा जराशी जांभळी. त्याच्याबद्दल मी काहीच बोललो नाही. ते मला आवडलं होतं. चंदाने माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि वाकून ते उपटून टाकलं.